वारा पडला म्हणजे काय करायचे?

डेन्मार्कच्या जटलंड भागात आस्कोव नावाचे एक खेडे आहे. तेथील लोकशाळेत १८७८ साली पॉल ला कूर हा पदार्थविज्ञानाचा शिक्षक रुजू झाला. त्याआधी तो हवामान खात्यात वरच्या हुद्द्यावर होता. तारायंत्रात त्याने स्वतःचे शोध लावले होते. असा माणूस राजधानी सोडून खेड्यात शिकवायला आला. ही शाळाही जराशी वेगळीच होती. शेतकऱ्यांची तरुण मुले तेथे काही महिने येऊन राहत, व्याख्याने ऐकत, वाद घालत आणि कोणतीही परीक्षा न देता घरी परत जात. परीक्षा नसल्यामुळे शिक्षकालाही प्रयोगांना वेळ मिळत असावा!

त्या काळात युरोपातल्या शहरांत विजेचे दिवे लागू लागले होते. खेडी मात्र अंधारात होती. डेन्मार्कजवळ स्वतःचा कोळसा नव्हता, आणि देश इतका सपाट की धबधब्यांवर वीज करण्याचीही सोय नव्हती. वारा मात्र मुबलक. म्हणून ला कूरने सरकारकडून अनुदान मिळवले आणि १८९१ साली शाळेच्या आवारात पवनचक्की उभारून तिला डायनॅमो जोडला.

वाऱ्यापासून वीज करणारा तो पहिला नव्हे. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथने १८८७ साली आणि अमेरिकेत चार्ल्स ब्रशने १८८८ साली ते करून दाखवले होते. ला कूरचे वेगळेपण असे, की त्याने सुरुवातीपासूनच एक अडचणीचा प्रश्न समोर ठेवला. वारा पडला म्हणजे काय करायचे? आणि मध्यरात्री सुसाट वारा सुटला, सारे गाव झोपलेले असले, तर त्या विजेचे काय करायचे? पवनऊर्जेवर व्याख्यान दिले की आजही शिक्षकांकडून पहिला प्रश्न हाच येतो. गेल्या सव्वाशे वर्षांत डेन्मार्कने त्याला निरनिराळी उत्तरे दिली. ती पाहताना एक गोष्ट लक्षात येते. यातले खरे टिकाऊ उत्तर एकदाही एकट्या पवनचक्कीत सापडलेले नाही. ते नेहमी तिला जोडलेल्या जाळ्यात सापडले, आणि ते जाळे बराच काळ कोळशावर चालत होते.

हायड्रोजनची टाकी

ला कूरचे पहिले उत्तर रसायनशास्त्राचे होते. पवनचक्कीची वीज त्याने पाण्यात सोडली. विद्युत अपघटनाने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन वायू होतात, हे आपण आठवी-नववीच्या वर्गात करून दाखवतोच. वारा असेल तेव्हा वायू तयार करून टाक्यांत साठवायचे, आणि रात्री ते जाळून दिवे लावायचे. १८९५ सालापासून काही वर्षे आस्कोवची शाळा अशा दिव्यांनी उजळत होती. हायड्रोजनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला की काय होते, हेही शाळेने अनुभवले. इमारतींच्या खिडक्यांच्या काचा एकदा नव्हे, अनेकदा बदलाव्या लागल्या.

दुसरी अडचण वाऱ्याच्या लहरीपणाची. वाऱ्यातून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा ५ मीटरवर आला की शक्ती निम्मी होत नाही, एक-अष्टमांश होते. यावर ला कूरने वजने आणि पट्टे वापरून एक नियामक यंत्र केले. वाऱ्याचे झोत कमीजास्त झाले तरी डायनॅमो त्यामुळे बराचसा एकसारखा फिरे. पुढे हायड्रोजन मागे पडला आणि त्याची जागा शिशाच्या विद्युतघटांनी घेतली. १९०४ पासून त्याने शाळेत ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे अभ्यासक्रम चालवले. १९०८ साली तो वारला. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कच्या सुमारे १२० गावांतील वीजकेंद्रांत २० ते ३५ किलोवॅटच्या पवनचक्क्या होत्या, आणि देशाच्या विजेपैकी सुमारे ३ टक्के त्यांतून येत होती.

ही सारी डी.सी. वीज होती, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. ती घटांत साठवता येते, पण त्या काळच्या साधनांनी ती लांब नेणे परवडत नसे. शहरांतल्या मोठ्या, कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून निघालेल्या ए.सी. विजेच्या तारा हळूहळू खेड्यांपर्यंत पोचल्या. ही वीज स्वस्त होती आणि रात्रंदिवस मिळत होती. मग घट, पवनचक्की आणि ती सांभाळणारा गावातला माणूस हा खटाटोप कोण करणार? दोन्ही महायुद्धांत इंधनाची टंचाई झाली तेव्हा लोकांना पवनचक्क्यांची आठवण झाली, आणि तहानंतर लगेच त्यांचा विसरही पडला.

यूलची मोटर

ला कूरच्या १९०४ च्या त्या अभ्यासक्रमाला योहानेस यूल नावाचा एक पोरसवदा विद्यार्थी होता. पुढे तो एका वीजपुरवठा कंपनीत अभियंता झाला. निवृत्तीचे वय जवळ आले तेव्हा, १९५० च्या आसपास, त्याने गुरूचा प्रश्न पुन्हा हातात घेतला. उत्तर मात्र उलट दिशेने काढले. त्याने वीज साठवण्याच्या भानगडीत न पडता पवनचक्की सरळ ए.सी. जाळ्यालाच जोडली.

ही युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे, आणि त्यासाठी विहिरीवरची थ्री-फेज मोटर पुरेशी आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर चार ध्रुवांच्या मोटरमधले चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. मोटरचा फिरणारा भाग त्याच्या थोडा मागे, समजा १४५० फेऱ्यांनी, फिरत असतो. या मागे राहण्यामुळेच तिला जाळ्यातून वीज ओढता येते. आता पंपाऐवजी बाहेरून कोणी तिचा आस जोराने फिरवला आणि फेरे १५०० च्या वर नेले तर? ती वीज ओढायचे थांबते आणि जाळ्याला वीज देऊ लागते. तेच यंत्र, तेच वेटोळे, मोटरचे जनित्र झाले. वाऱ्याचा झोत वाढला तर फेरे थोडेसेच वाढतात, आणि जादा शक्ती जाळ्यात जाते. ला कूरची वजने आणि पट्टे जे काम करत होते, ते आता जाळेच करू लागले.

यात एक मेख आहे. अशा मोटरला स्वतःचे चुंबकत्व नसते. त्यासाठी लागणारा प्रवाह ती जाळ्यातूनच घेते. ताल, म्हणजे ५० हर्ट्झची वारंवारता, तोही जाळ्याचाच. जाळे मेले की सामान्यतः हे जनित्रही थांबते, वारा कितीही असो. म्हणजे यूलची पवनचक्की कोळशाच्या केंद्रांच्या खांद्याला धरून उभी होती. मला यात कमीपणा दिसत नाही. पवनचक्की साधी, मजबूत आणि स्वस्त झाली ती या आधारामुळेच. पण हे उसने घेणे होते, हे ध्यानात ठेवायला हवे. त्याचा हिशेब पुढे यायचा होता.

यूलची सर्वांत मोठी पवनचक्की १९५७ साली फाल्स्टर बेटाच्या दक्षिण टोकाला, गेडसर येथे उभी राहिली. तीन पाती, २४ मीटरचा व्यास, २०० किलोवॅट शक्ती. वादळात पात्यांची टोके आपोआप वळून रोधक बनत. दहा वर्षे ती फारशी देखभाल न करता चालली. १९६० च्या दशकात तेल इतके स्वस्त होते, की वाऱ्याची वीज महाग पडते असा निष्कर्ष तज्ज्ञांच्या समितीने काढला. त्या दिवसांतल्या आकड्यांनुसार तो चुकीचाही नव्हता. १९६७ साली गेडसरची चक्की थांबली.

शिक्षकांची पवनचक्की

१९७३ साली अरब देशांनी तेलाचे भाव चढवले, तेव्हा डेन्मार्कची ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आयात तेलातून येत होती. सरकार आणि वीज कंपन्या दोन उपायांकडे वळल्या. एक, वीजकेंद्रे तेलावरून कोळशावर आणणे. दुसरा, अणुऊर्जा. पहिला उपाय झपाट्याने झाला. दुसऱ्याला जनतेतून इतका विरोध झाला की १९८५ साली संसदेने अणुकेंद्रांचा विचार सोडून दिला.

वारा या आखणीत नव्हताच. तो खालून आला. क्रिस्टियन रीसागर नावाच्या एका सुताराने लाकडी पाती आणि मालमोटारीचे सुटे भाग वापरून गेडसरच्या नमुन्यावर २२ किलोवॅटची चक्की केली. १९७६ च्या सुमारास ती घरच्या वीजजोडणीला लावली आणि मीटर उलटे फिरू लागले. ट्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनी तर कमालच केली. आपले पगार एकत्र करून, विद्यार्थी आणि आलेल्या-गेलेल्या मदतनिसांना हाताशी घेऊन, १९७५ ते १९७८ या काळात त्यांनी ५४ मीटर व्यासाची, दोन मेगावॅट क्षमतेची पवनचक्की बांधली. त्या वेळी ती जगातली सर्वांत मोठी होती. अमेरिका आणि जर्मनीत सरकारी पैशांतून बांधलेल्या अनेक प्रचंड पवनचक्क्या थोड्याच वर्षांत मोडीत निघाल्या. ट्विंडची अजून उभी आहे.

नांगर, पाण्याच्या टाक्या, सिंचनाची साधने बनवणारे छोटे कारखाने मग या धंद्यात उतरले. १९७९ पासून सरकारने पवनचक्की घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के अनुदान दिले. गावकऱ्यांनी सहकारी मंडळे काढून भाग घेतले. १९८० च्या आगेमागे ५५ किलोवॅटचा नमुना स्थिरावला. हाच नमुना १९८६ साली आपल्या देशात आला. गुजरातेत ओखा, तामिळनाडूचा किनारा आणि आपले कोकण येथे भारतातली जी पहिली पवनकेंद्रे उभी राहिली, त्यांत ५५ किलोवॅटच्या डॅनिश चक्क्या होत्या.

समुद्राखालची तार

आतापर्यंत वाऱ्याची वीज एकूण विजेत चिमूटभर होती. तिच्यामुळे जाळ्याला काही फरक पडत नव्हता. वीजजाळ्यात विजेचा साठा नसतो, हे येथे सांगायला हवे. ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती व्हावी लागते. गावात हजार दिवे एकदम लागले, तर पहिले काही सेकंद ती ऊर्जा वीजकेंद्रांतल्या अवजड फिरत्या यंत्रांच्या गतीतून येते. ती किंचित मंदावतात, वारंवारता ५० वरून थोडी उतरते, आणि ते ओळखून वाफेची झडप आपोआप जास्त उघडते. चिमूटभर वारा कमीजास्त झाला तर तो हजार दिव्यांच्या लागण्या-विझण्यातच जमा होतो. पण वाऱ्याचा वाटा १०-२० टक्के झाला म्हणजे?

येथे डेन्मार्कला भूगोलाची साथ मिळाली. १९७६-७७ साली जटलंड ते नॉर्वे अशा ५०० मेगावॅटच्या तारा समुद्राखालून टाकल्या गेल्या. त्या वाऱ्यासाठी नव्हत्या. नॉर्वेची जवळजवळ सर्व वीज धरणांची, डेन्मार्कची कोळशाची. ओल्या वर्षी नॉर्वेने वीज द्यावी, कोरड्या वर्षी डेन्मार्कने, असा तो व्यवहार होता. दोन्हीकडे ५० हर्ट्झच, पण जाळी स्वतंत्र, म्हणून ताल वेगळा. त्यामुळे मधली तार डी.सी. ठेवली. १८९० च्या दशकातली डी.सी. अशी वेगळ्या दाराने परत आली.

पुढे वाऱ्याची वीज वाढली तेव्हा हीच तार कामाला आली. लोकांना वाटते, डेन्मार्कच्या विजेवर नॉर्वेत पाणी वर चढवतात. मुख्यतः तसे नाही. जटलंडमध्ये वारा जोरात असला की नॉर्वेचे लोक आपल्या धरणांच्या झडपा मिटतात आणि डॅनिश वीज वापरतात. तेवढे पाणी जलाशयात राहते. वारा पडला की झडपा उघडतात. साठवले जाते ते पाणी, आणि तेही काही न करता.

याची कसोटी ८ जानेवारी २००५ रोजी लागली. डेन्मार्कवर मोठे चक्रीवादळ आले. सकाळी पश्चिम डेन्मार्कच्या पवनचक्क्या जवळपास पूर्ण क्षमतेने चालत होत्या. वाऱ्याचा वेग सेकंदाला २५ मीटरच्या वर गेला आणि सुरक्षिततेसाठी त्या एकामागून एक आपोआप थांबल्या. काही तासांत दोन हजार मेगावॅटच्या आसपास वीज नाहीशी झाली. वारा पडल्यामुळे नव्हे, अति झाल्यामुळे! ही तूट मुख्यतः नॉर्वेच्या पाण्याने भरून काढली.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर गेले तर पवनचक्क्या आणि खाली कोयनेचा जलाशय, दोन्ही एकदम दिसतात. नॉर्वे-डेन्मार्कची जोडी एका नजरेत मावते म्हणा ना. पण दोन फरक महत्त्वाचे आहेत. कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी किती पाणी सोडायचे यावर लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. आणि आपला वारा वाहतो तो मुख्यतः पावसाळ्यात, शेतीपंप विसावलेले असतात तेव्हा. डेन्मार्कचा वारा हिवाळ्यात जोर धरतो, म्हणजे नेमकी तेथे विजेची आणि उष्णतेची गरज सर्वाधिक असते तेव्हा. डेन्मार्कचे उदाहरण देताना वक्ते बऱ्याचदा हे सांगायचे विसरतात.

कोळशाला शिकवलेली शिस्त

नॉर्वेची तार सर्वांना दिसते. त्याहून कमी दिसणारा बदल वीजकेंद्रांच्या आत झाला. १९९० च्या सुमारास डेन्मार्कची ९० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावर होत होती. मोठे कोळसा केंद्र म्हणजे मालगाडीसारखे. एकदा वेग घेतला की त्याच वेगाने चालणे त्याला आवडते. डॅनिश अभियंत्यांनी बॉयलर, ज्वालक आणि नियंत्रण व्यवस्था यांत फेरफार करत करत ही केंद्रे पूर्वी अशक्य वाटणाऱ्या कमी भारावर चालवायला आणि लवकर वरखाली करायला शिकवली. एरवी ज्वाला अस्थिर होऊन केंद्र बंद ठेवावे लागते, त्याच्याही खाली ती उतरू लागली. वारा असताना केंद्राने मागे सरायचे, नसताना पुढे यायचे. आपल्या केंद्रांनाही हेच शिकावे लागत आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळसा केंद्रांना ५५ टक्के आणि नंतर टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत उतरण्याची तयारी करायला सांगितली आहे.

डेन्मार्कमध्ये वीजकेंद्राची वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या रूपाने नळांतून घराघरांत जाते. १९९० च्या दशकात गावोगावी अशी छोटी केंद्रे निघाली आणि त्यांतून एक नवाच घोळ झाला. थंडी पडली की घरे तापवण्यासाठी केंद्रे चालत, आणि त्यांबरोबर नको असलेली वीजही होई. त्याच वेळी वाराही सुटलेला. जास्त विजेचे करायचे काय? उपाय म्हणजे गावाबाहेरची गरम पाण्याची भली मोठी टाकी. वारा असेल तेव्हा केंद्र बंद ठेवायचे आणि घरांना टाकीतले पाणी द्यायचे. २००५ पासून मोठ्या केंद्रांना बाजारभावाने वीज विकावी लागली, तेव्हा ही टाकी खरी उपयोगी ठरली. उष्णता साठवणे हे वीज साठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. चहाचा थर्मास आणि मोबाइलची बॅटरी यांच्या किमती मुलांना विचारून पाहाव्यात.

बाजारभावाचीही एक गंमत. २००९ पासून तेथील विजेच्या बाजारात भाव शून्याच्या खाली जाऊ शकतो. वारा फार आणि मागणी कमी असली, तर वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळतात.

वाऱ्याचा वाटा २००० साली सुमारे १२ टक्के होता, २०१५ साली सुमारे ४२ टक्के झाला, आणि अलीकडे तो निम्म्याच्या वर गेला आहे. ९ जुलै २०१५ च्या रात्री तर देशाच्या मागणीच्या १४० टक्के वीज नुसत्या वाऱ्यातून येत होती. जास्तीची नॉर्वे, जर्मनी आणि स्वीडनकडे गेली. या चित्राला एक डाग आहे. कोळशाची बरीच जागा लाकडाच्या गोळ्यांनी घेतली, आणि त्यांतल्या पुष्कळशा परदेशातून येतात. त्याला कितपत हरित म्हणायचे यावर मतभेद आहेत, आणि माझे मन त्याला सहजासहजी होकार देत नाही.

उसने परत करताना

आता यूलच्या उसनवारीकडे वळू. पवनचक्क्या थोड्या होत्या तेव्हा त्यांना नियम असा होता, की जाळ्यात गडबड झाली, व्होल्टता खाली आली, की ताबडतोब बाजूला व्हायचे. लहान मुलाला रस्त्यातून बाजूला करावे तसे. पण निम्मी वीज ज्यांच्याकडून येते तेच एकदम बाजूला झाले, तर गडबडीचा अंधार होईल. म्हणून नियम उलटा झाला. व्होल्टता क्षणभर कोसळली तरी पवनचक्कीने टिकून राहायचे आणि जाळ्याला सावरायला मदत करायची. त्यासाठी यूलची साधी मोटर पुरत नाही. नव्या पवनचक्क्यांत वीज आधी इलेक्ट्रॉनिक परिवर्तकातून जाते.

तरीही एक गोष्ट उरते. कोळशाची केंद्रे वीज देत होती, त्याशिवाय त्यांची शेकडो टन वजनाची चक्रे जाळ्याला जडत्व देत होती आणि व्होल्टता धरून ठेवत होती. या सेवेचे कोणी कधी बिल केले नव्हते, कारण ती फुकटच मिळे. केंद्रे बंद पडू लागल्यावर ती गेली. म्हणून डेन्मार्कच्या जाळ्याच्या चालकांनी २०१३-१४ मध्ये काही ठिकाणी मोठी फिरती यंत्रे विकत घेऊन बसवली. त्यांना बॉयलर नाही, वाफ नाही, पाती नाहीत. जाळ्यातूनच थोडी वीज घेऊन ती मोकळी फिरत राहतात. एस्बियर्ग बंदरातले कोळसा केंद्र २०२४ साली बंद झाले. ही यंत्रे मात्र फिरत आहेत.